उंदीर बरा झाला, मग आमचा भाचा का नाही?

प्रश्न गुहागर तालुक्यातून आला आहे, एका मामाने भाच्यासाठी विचारलेला. भाचा धाकट्या बहिणीचा, ६ वर्षांचा. उशिरा चालला, बोलणं दोन-तीन शब्दांवर अडलंय, शिमग्याचे ढोल वाजायला लागले की कान दाबून धरतो आणि स्वतःच्या मनगटाला चावतो. मुंबईत जनुकीय तपासणी झाली. अहवालात ‘फ्रॅजाइल एक्स, पुनरावृत्ती २०० च्या वर’ असं आलं. मामांनी वाचलंय की या आजाराचा उंदीर शास्त्रज्ञांनी कधीच बरा केला. मग औषध कुठे आहे? दुसरं, घाटावरच्या एका केंद्राने स्टेम सेलची तीन इंजेक्शनं सुचवली आहेत आणि त्यासाठी आंब्याची बाग गहाण टाकायची बोलणी घरात चालू आहेत. तिसरं, एका संशोधन संस्थेने मुलाचं रक्त मागितलंय, ‘त्यातून मेंदूच्या पेशी तयार करू’ म्हणतात. ते द्यावं का, आणि यात आणि त्या इंजेक्शनांत फरक काय? पत्राच्या शेवटी जाता जाता एक ओळ आहे: ‘वडील ७१ चे, हात थरथरतात, चालताना तोल जातो, थोरली बहीण वेंगुर्ल्याला दिलेली, त्यामुळे सगळं माझ्यावरच आहे.’

बाग गहाण टाकू नका. बाकीचं सावकाश वाचा, पण हे आधी.

मी कुडाळची. २० वर्षं प्रयोगशाळेत काढली, पहिली अर्धी उंदीर आणि घुशीएवढे पांढरे रॅट यांच्याबरोबर, पुढची अर्धी पेशींबरोबर. आता गावी असते आणि अशा मुलांच्या घरच्यांशी बोलते. सुट्टीत घरी यायचे तेव्हा शेजारच्या आजी एकच प्रश्न विचारायच्या, “उंदरांक बरे करतंस, मगे आमच्या पोरांक कधी?” तुमचा पहिला प्रश्न हाच आहे, आणि त्याला हसून टाळण्याची सोय तेव्हाही नव्हती.

आजाराचं मूळ आधी बघू. एक्स गुणसूत्रावर एफएमआर१ नावाचं जनुक आहे. त्याच्या तोंडाशी सी-जी-जी ही तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. बहुतेक माणसांत ती ४४ पर्यंत असतात. ५५ ते २०० असली तर माणूस वाहक. २०० च्या पुढे गेली की पेशी त्या जागेवर रासायनिक मोहोर मारते आणि जनुक बंद करते. जनुक शाबूत असतं, फक्त कुलपात जातं. त्यातून एफएमआरपी हे प्रथिन व्हायचं, ते होत नाही. हे प्रथिन मेंदूत ब्रेकचं काम करतं: दोन चेतापेशी जिथे एकमेकींशी बोलतात त्या सांध्यावर नवी प्रथिनं किती आणि केव्हा तयार व्हावीत, यावर त्याचा ताबा असतो. ब्रेक नसला की सांधे लांब, बारीक, अपक्व राहतात. हे जनुक १९९१ साली सापडलं. नात्यातल्या लग्नामुळे हे झालं, असं तुमच्या घरी कोणी म्हणत असेल तर ते चूक आहे. या आजाराला नात्यातलं लग्न लागत नाही.

जनुक सापडल्यावर तीन वर्षांत, १९९४ मध्ये, नेदरलँड्स आणि बेल्जियममधल्या गटांनी मिळून हे जनुक काढून टाकलेला उंदीर केला. तो दिसायला साधा उंदीरच. पण सांधे तसेच अपक्व, वृषणं मोठी (तुमच्या भाच्यालाही वयात येताना हे दिसू शकेल, घाबरू नका), आणि मोठा कर्कश आवाज झाला की काही जातींच्या पिल्लांना झटके. शिमग्याचा ढोल आणि तुमचा भाचा, हे वाचताना मला पहिल्यांदा तेच पिंजरे आठवले. आम्ही घंटा वाजवायचो आणि मोजायचो.

पुढची गोष्ट या क्षेत्रातली सगळ्यात देखणी, आणि म्हणूनच सगळ्यात दुखरी आहे. २००२ मध्ये दिसलं की या उंदरांत चेतासांध्यांचा एक विशिष्ट प्रतिसाद वाजवीपेक्षा जोरात होतो. २००४ मध्ये मार्क बेअर, किंबर्ली ह्यूबर आणि स्टीफन वॉरन यांनी त्यावर सिद्धान्त मांडला: एमग्लूआर५ नावाचा ग्राही (चेतापेशीवरचा, बाहेरचा संदेश घेणारा रेणू) गाडीचा ॲक्सिलरेटर दाबतो, एफएमआरपी ब्रेक दाबतं, ब्रेक गेला असेल तर ॲक्सिलरेटरवरचा पाय हलका करा. २००७ मध्ये जनुकीय मार्गाने हा ग्राही निम्म्याने कमी केलेले उंदीर तपासले, तर झटके, सांध्यांचं रूप, प्रथिनांची वाढलेली निर्मिती, बरंच काही जागेवर आलं होतं. फळमाशीतही तसंच: २००५ मध्ये याच जातीच्या ग्राहीवर चालणारं औषध खाऊ घातल्यावर विसरभोळ्या माश्यांची आठवण सुधारली. माशी आणि उंदीर एकच साक्ष देत असतील तर माणूस का वेगळं बोलेल? आम्हाला सगळ्यांना तसंच वाटलं. दोन मोठ्या कंपन्यांनी माणसांवर चाचण्या घेतल्या. नोव्हार्टिसने आपलं औषध २०१४ मध्ये थांबवलं, रोशचंही चाललं नाही. औषध घेतलेले आणि साखरेची गोळी घेतलेले, यांच्यात ठरवलेल्या मोजमापावर फरकच पडला नाही.

का? मला जी कारणं खरी वाटतात ती सांगते. उंदरात ग्राही जन्माआधीपासून कमी होता. माणसांत औषध मिळालं ते किशोरवयात आणि मोठेपणी, मेंदूची घडण बरीच होऊन गेल्यावर. औषध रोज दिलं की त्याचा असर ओसरतो, हे नंतर उंदरांतही दिसून आलं. पिंजऱ्यातले उंदीर एकमेकांच्या जुळ्यांसारखे, चाचणीतली मुलं मात्र वेगवेगळ्या घरची, वेगवेगळ्या स्वभावाची. आणि मोजलं काय? उंदरात झटके आणि सांधे. मुलांत मात्र आईवडिलांनी भरलेली वर्तनाची प्रश्नावली. आशेने भरलेल्या घरात साखरेची गोळीसुद्धा ‘आज जरा शांत होता’ असं लिहून घेते. यात आईची चूक नाही.

आपल्याकडे देवाला कौल लावतात ना, तसं आहे हे. थट्टा करत नाही, माझ्या माहेरी अजून लावतात. पाकळी उजवी पडली की होकार, डावी पडली की नकार. पण जुने गुरव एक गोष्ट पक्की सांगायचे: गाऱ्हाणं नीट घाला; जे विचाराल त्याचाच कौल मिळेल. आम्ही उंदराला विचारलं, ‘ब्रेक नसेल तर ॲक्सिलरेटर कमी करून सांधा सावरतो का?’ पाकळी उजवी पडली, आणि तो कौल आजही खरा आहे. आम्ही मात्र घरी येऊन सांगितलं की पोरगा बोलेल. तो प्रश्न उंदराला कोणी विचारलाच नव्हता, आणि विचारला असता तरी उंदीर काय सांगणार? त्याच्या मेंदूत सुमारे ७ कोटी चेतापेशी, आपल्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी. बोलणं ही गोष्ट त्याच्याकडे नाहीच.

जो प्रश्न त्याला विचारता येतो त्याचंही उत्तर किती हळवं असतं, हे बाहेर कळत नाही. रॅटची आठवण मोजायची एक जुनी पद्धत आहे: गढूळ केलेल्या पाण्याची मोठी टाकी, पाण्याखाली लपवलेला छोटा चौथरा, जनावर पोहत चौथरा शोधतं आणि रोज किती लवकर शोधतं ते आपण मोजायचं. रिचर्ड मॉरिस यांची ही कल्पना. रॅट मस्त पोहतात. उंदरांना पाणी आवडत नाही, काही तर पोहायचं सोडून नुसते तरंगत राहतात, आणि नवखा विद्यार्थी त्यालाच ‘आठवण कमी’ म्हणून नोंदवतो. विहिरीत पहिल्यांदा ढकललेलं पोर हात मारत नाही म्हणून कोणी त्याला मंद म्हणतं का? आमच्याकडे एका जूनमध्ये सगळ्या उंदरांची आठवण अचानक सुधारली, औषध दिलेल्यांची आणि न दिलेल्यांचीही. दोन आठवडे आम्ही खुळ्यासारखे आकडे तपासत बसलो. कारण एवढंच होतं की पाऊस सुरू झाला आणि वरच्या मजल्यावरचं बांधकाम थांबलं. ड्रिल बंद झालं, उंदीर शांत झाले. ही काही आमचीच कथा नाही. १९९९ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या तीन प्रयोगशाळांनी त्याच त्या वाणांचे उंदीर, एकाच दिवशी, जमेल तितक्या सारख्या पद्धतीने तपासले; तरी वागणुकीचे काही निकाल जुळले नाहीत. २०१४ मध्ये तर असं निघालं की प्रयोग करणारा पुरुष असेल तर त्याच्या वासानेच उंदरांवर ताण येतो. ‘उंदरांत यश’ ही बातमी वाचाल तेव्हा हे सगळं त्या दोन शब्दांच्या पाठीमागे आहे असं समजा.

तरीही मी प्राण्यांना मोडीत काढणार नाही. रेट सिंड्रोम नावाचा मुलींमधला आजार आहे. त्याचं एमईसीपी२ हे जनुक १९९९ मध्ये कळलं. २००७ मध्ये एड्रियन बर्ड यांच्या गटाने स्कॉटलंडमध्ये मोठ्या, आजारी उंदरांत ते जनुक पुन्हा चालू केलं आणि उंदीर सावरले. म्हणजे पेशी मेलेल्या नव्हत्या, खोळंबलेल्या होत्या. ही गोष्ट अख्ख्या जिवंत प्राण्याशिवाय कळलीच नसती. रेटसाठी ट्रोफिनेटाइड हे औषध अमेरिकेत २०२३ मध्ये मंजूर झालं, फार मोठा चमत्कार नाही, पण बाजारात आहे. डाउन सिंड्रोमचा उंदीर मात्र जास्त अडचणीचा. आपल्या २१ व्या गुणसूत्रावरची जनुकं उंदरात तीन वेगवेगळ्या गुणसूत्रांवर विखुरलेली आहेत, आणि वर्षानुवर्षं सगळ्यात जास्त वापरलेल्या वाणात तर डाउनशी संबंध नसलेला एक तुकडाही जादा होता. त्यावर लिहिलेले किती निष्कर्ष त्या तुकड्याचे होते, कोण जाणे.

फ्रॅजाइल एक्सकडे परत येते, कारण पुढचा भाग तुमच्या कामाचा आहे. बंगळुरूत सुमंत्र चटर्जी आणि एडिंबरामध्ये पीटर काइंड यांच्या गटांनी मिळून हे जनुक नसलेल्या रॅटवर काम केलं. २०१९ चा निकाल असा: लोवास्टॅटिन, कोलेस्टेरॉलसाठी देतात ते जुनंच औषध, लहान वयात फक्त चार आठवडे दिलं, नंतर बंद केलं तरी शिकण्यातली उणीव पुढेही आली नाही. लवकर द्या, थोडं द्या, असर टिकतो. वाचून हातात जणू दिवाळी आली. २०२० मध्ये अमेरिकेतल्या १० ते १७ वर्षांच्या मुलांवरच्या चाचणीचा निकाल आला. निम्म्यांना लोवास्टॅटिन, निम्म्यांना साखरेची गोळी, आणि दोन्हीकडच्या आईवडिलांना मुलाशी गोष्टीच्या पुस्तकावरून कसं बोलावं याचं प्रशिक्षण. औषधाने काही जादा दिलं नाही. पण दोन्ही गटांतली मुलं बोलण्यात पुढे गेली. आमच्या क्षेत्रात हा निकाल ‘अपयशी चाचणी’ म्हणून नोंदला गेला. मी तो घरोघरी सांगते. तुमच्या भाच्याची आई रोज अर्धा तास त्याच्यासमोर बसून, तो ज्याकडे बघतोय त्याचंच नाव घेत, त्याच्या एका शब्दाला आपला एक शब्द जोडत बोलली, तर ती जे करतेय ते आजवर फार थोड्या गोळ्यांना जमलंय. एक गोळी मात्र लक्षात ठेवा, झाटोलमिलास्ट; ३० प्रौढ पुरुषांवरच्या छोट्या चाचणीत २०२१ मध्ये आकलन थोडं सुधारलेलं दिसलं. ३० म्हणजे थोडेच, आणि प्रौढ म्हणजे तुमचा भाचा नव्हे.

आता पेशी. माझ्या मते उंदराची सगळ्यात मोठी मर्यादा मेंदूच्या आकाराची नाही. आपल्या मुलांत जनुकाला कुलूप लागतं, ते पुनरावृत्ती २०० च्या पुढे गेल्यामुळे. उंदरात माणसाची लांब पुनरावृत्ती घालून पाहिली. उंदराची पेशी कुलूप लावतच नाही. आणि १९९४ च्या उंदरातून तर जनुकच उपटून काढलेलं आहे. उपटलेल्या दाराचं कुलूप कसं उघडायचं? कुलूप बघायचं असेल तर माणसाचीच पेशी हवी.

२००६ मध्ये जपानच्या शिन्या यामानाका यांनी उंदराच्या साध्या त्वचापेशीत चार जनुकं घालून तिला गर्भातल्या अगदी आरंभीच्या पेशीसारखं करून दाखवलं, २००७ मध्ये माणसाच्या पेशीतही. २०१२ चं नोबेल त्यांना जॉन गर्डन यांच्याबरोबर मिळालं. आंबेवाल्या घरात हे समजावणं सोपं आहे. हापूसची कोय लावली तर झाड हापूसचं येईलच असं नाही, म्हणून आपण काडी घेऊन कलम बांधतो. काडी ज्या झाडाची, फळ त्या झाडाचं. मुलाच्या रक्तातून केलेली मूलपेशी, म्हणजे स्टेम सेल, ही त्या मुलाची काडी आहे. तिच्यात त्याची सगळी जनुकं, त्याचं कुलूपसुद्धा. तिच्यापासून काही महिन्यांत चेतापेशी वाढवता येतात. आणि कलमापुढची एक गोष्टही करता येते: त्याच पेशीच्या दोन ओळी घ्यायच्या, एकीत फक्त तो दोष दुरुस्त करायचा, बाकी सगळं तसंच ठेवायचं, मग दोघींची तुलना करायची. एकच माती, एकच पाऊस, फरक एका जागेचा. उंदीर आणि माणूस यांच्या तुलनेत असा नेमकेपणा कधीच येत नाही.

ऐकायला छान वाटतं, करायला वेठबिगारी. या पेशींना जवळजवळ रोज खाणं घालावं लागतं, ३७ अंशांवर, ठरलेल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये. गणपतीत आमच्या प्रयोगशाळेतले सगळे कोकणी घरी जायला तडफडायचे आणि पेशींना पाच दिवस कोण बघणार यावरून भांडणं व्हायची. एकदा मी हट्टाने गौरीपर्यंत राहिले. परत आले तर तीन महिन्यांच्या पेशी सुकलेल्या. जिच्यावर सोपवल्या होत्या तिला दोष देत नाही, पेशी माझ्या होत्या.

फ्रॅजाइल एक्सच्या पेशींनी आम्हाला एक धडा लवकरच दिला. रोगग्रस्त गर्भातून घेतलेल्या आरंभीच्या मूलपेशींत हे जनुक अजून उघडं असतं, पेशी वेगळ्या रूपाला लागली की बंद पडतं. यामानाकांच्या पद्धतीने मागे नेलेल्या पेशीत मात्र कुलूप तसंच राहतं, असं २०१० मध्ये दिसलं. म्हणजे पेशी मागे जाते, पण पूर्ण मागे नाही. सुरुवातीला हे अपयश वाटलं. मग लक्षात आलं की कुलूप उघडायचा सराव करायला याहून चांगली जागा नाही. २०१८ मध्ये रुडॉल्फ येनिश यांच्या प्रयोगशाळेने नेमक्या त्या जागेची मोहोर पुसणारं साधन वापरून अशा पेशींत जनुक पुन्हा चालू केलं, आणि त्यांच्यापासून केलेल्या चेतापेशींची वागणूक सुधारली. ते काचेच्या थाळीत. मुलाच्या मेंदूत पोहोचवायला अजून बरीच वाट आहे, आणि ती किती वर्षांची हे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

‘प्रयोगशाळेत मेंदू वाढवतात’ असंही तुम्ही वाचलं असेल. ऑर्गनॉइड म्हणतात त्याला, मसुरीच्या दाण्याएवढा गोळा. २०१३ मध्ये मॅडेलिन लँकेस्टर आणि युर्गन नोब्लिख यांनी व्हिएन्नात तो केला, आणि लहान डोक्याच्या एका रुग्णाच्या पेशींतून केलेला गोळाही लहानच राहिला. उंदीर हा आजार इतका स्पष्ट दाखवत नव्हता. २०१६ मध्ये झिका विषाणू गर्भातल्या मेंदूचं काय करतो हेही अशाच गोळ्यांत पटकन दिसलं. पण त्याला रक्तवाहिन्या नाहीत, आतला गाभा उपाशी मरतो, त्याला डोळे-कान नाहीत, आणि त्याच्याशी कोणी कधी बोललेलं नाही. तो ढोलाला घाबरत नाही. म्हणून आता दोन्ही जोडतात. स्टॅनफर्डमध्ये सर्जू पास्का यांनी टिमोथी सिंड्रोम या दुर्मीळ आजाराच्या मुलांच्या पेशींचे गोळे रॅटच्या पिल्लांच्या मेंदूत वाढवले आणि २०२४ मध्ये त्या आजारावरचा एक जनुकीय उपाय अशाच रॅटमध्ये तपासला.

तुमच्या घरी पुढचं वाक्य मोठ्याने वाचून दाखवा. संशोधनात पेशी मुलाकडून प्रयोगशाळेकडे जाते. त्या केंद्रात पेशी मुलाच्या अंगात टोचतात. नाव दोन्हीकडे स्टेम सेल, दिशा उलटी. ही इंजेक्शनं बहुधा अशी असतात: मुलाच्याच कमरेच्या हाडातला मगज काढायचा, त्यातल्या पेशी वेगळ्या करायच्या आणि पाठीच्या कण्याच्या पाण्यात सोडायच्या. त्या पेशी रक्त बनवणाऱ्या. त्या मेंदूत जाऊन बोलण्याचं जाळं विणत नाहीत. आणि एक क्षण मानलं की विणतील, तरी त्या तुमच्या भाच्याच्याच पेशी आहेत. त्यांच्यातही तेच जनुक त्याच कुलपात. ज्या दिव्यात तेल नाही त्याच्यावरून दुसरा दिवा कसा लावणार? भूल, कण्यातली सुई, संसर्गाचा धोका मात्र खरा.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की रक्ताच्या मूलपेशींचं प्रत्यारोपण ठरावीक आजारांत मान्य. बाकी सगळं फक्त मंजूर चाचणीत. स्वमग्नतेवर स्टेम सेल उपचाराची शिफारस करता येत नाही, हे राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या मंडळाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं. त्या केंद्राला फोन करून दोनच गोष्टी विचारा: भारतातल्या चाचण्यांच्या सरकारी नोंदणीत तुमचा क्रमांक काय, आणि चाचणी असेल तर पैसे कशाचे? संशोधनात भाग घेणाऱ्याकडून उपचाराचे पैसे घेत नाहीत. उत्तराऐवजी व्हिडिओ पाठवले तर फोन ठेवा.

रक्त द्यावं का? मी देईन, पण वाचून. संमतीपत्र मराठीत मागा, नीतिमत्ता समितीची मंजुरी मागा. विचारा: पेशी किती वर्षं ठेवणार, दुसऱ्या संस्थेला किंवा कंपनीला देणार का, नाव कसं लपवणार, नंतर मन बदललं तर पेशी नष्ट करणार का. द्रवरूप नायट्रोजनमध्ये त्या तुमच्या भाच्यापेक्षाही जास्त जगू शकतात. तो ६ वर्षांचा आहे. ७ पासून मुलाची स्वतःची मान्यताही घ्यायची असते, आणि कमी बोलणाऱ्या मुलाची मान्यता चित्रं दाखवून, थांबून घेता येते. ‘यातून तुमच्या मुलाला औषध मिळेल’ असं कोणी म्हणालं तर सही करू नका. चांगला संशोधक आधीच सांगतो की या मुलाला यातून थेट काही मिळणार नाही. आणि रक्त द्यायला नकार दिलात तरी उपचारांत काही कमी होता कामा नये.

तोपर्यंत भाच्याचे कान तपासून घ्या, या मुलांना कानाचा संसर्ग वरचेवर होतो आणि बोलणं त्यानेही अडतं. झटके येतात का यावर लक्ष ठेवा. अंगणवाडी आणि शाळेत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडून जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी घ्या, दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र काढा. ढोलाच्या दिवशी त्याला मागच्या दारी, वाडीत न्या. धीट करायला पुढे उभा करू नका.

आणि आता तुमच्या वडिलांची ओळ. हे निदान नाही, पण दुर्लक्ष करू नका. ५५ ते २०० पुनरावृत्ती असलेल्या वाहक पुरुषांत पन्नाशीनंतर हात थरथरणं, तोल जाणं असा एक वेगळाच आजार होऊ शकतो, २००१ मध्ये पहिल्यांदा वर्णन झालेला. अनेकदा त्याला पार्किन्सन किंवा म्हातारपण म्हणून सोडून देतात. त्यात जनुक बंद नसतं, उलट त्याचा संदेश वाजवीपेक्षा जास्त तयार होतो आणि पेशीला तोच जाचतो. १९९४ च्या उंदराला हा आजार कधी होऊच शकला नसता, कारण त्याच्यात जनुकच नाही. तो कळला माणसांकडे बघून, एका चाणाक्ष डॉक्टरणीने अशा मुलांच्या आजोबांकडेही लक्ष दिलं म्हणून. मग त्यासाठी वेगळी माशी आणि वेगळा उंदीर करावा लागला.

वडील वाहक असतील तर हिशोब सरळ आहे. त्यांचं एक्स गुणसूत्र प्रत्येक मुलीला जातं, मुलाला जात नाही. तुमच्या दोन्ही बहिणी वाहक असणार, तुम्ही नाही, तुमच्या मुलीही नाहीत. वाहकपण तुमच्या आईकडून आलं असेल तर मात्र धाकटीला ते आलेलंच आहे, तुम्हाला आणि थोरलीला प्रत्येकी निम्मी शक्यता, आणि तुमचीही तपासणी लागेल. म्हणून आधी वडिलांची करा, एका रक्ताच्या नळीचं काम आहे. सोबत मेंदूविकारतज्ज्ञांना भाच्याचा अहवाल दाखवा. धाकटीला दुसरं मूल हवं असेल तर त्याआधी जनुकीय समुपदेशकाला भेटा. वेंगुर्ल्याच्या बहिणीला एक विचारायचंय, तुमच्या बायकोला विचारायला सांगा: पाळी चाळिशीच्या आत गेली का? काही वाहक बायकांत तसं होतं.

वडिलांना हे सांगताना ‘तुमच्यामुळे’ हा शब्द येऊ देऊ नका. त्यांना ते त्यांच्या आईकडून आलेलं असेल. गणपतीला दोघी बहिणी घरी येतील, तोपर्यंत अहवाल हातात असेल असं बघा. फोनवर सांगण्यासारखं हे नाही.